व्हॉइसओव्हर टाकू की नको? आणि नरेशन म्हणजे नक्की काय

विट्याच्या एका पोरानं प्रश्न विचारलाय, तो आधी सांगतो म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. त्यानं चौदा मिनिटांची शॉर्टफिल्म केलीय, हरिपूरच्या हळदीच्या पेवांवर. पेव म्हणजे जमिनीखालचं हळद साठवायचं कोठार, वरनं बघितलं तर माणूस कसाबसा जाईल एवढं तोंड आणि आत खोलीएवढी जागा. फिल्ममध्ये एक म्हातारा हमाल आहे, आयुष्यभर पेवात उतरून पोती वर दिलेला, आणि त्याचा नातू. मित्रांना दाखवली तर मित्र म्हणाले, राव काय कळंना, व्हॉइसओव्हर टाक, म्हणजे चित्रावर मागनं बोलणारा आवाज. कॉलेजच्या सरांना दाखवली तर सर म्हणाले, व्हॉइसओव्हर हा आळशी माणसाचा धंदा, सिनेमा दाखवायचा असतो, सांगायचा नसतो. आता हा मधल्या मधी अडकलाय आणि विचारतोय की टाकू की नको, आणि नरेशन नरेशन म्हणतात ते म्हणजे व्हॉइसओव्हरच ना.

तू लहान आहेस म्हणून अरे-तुरे करतोय, राग मानू नको. मी बावीसेक वर्षं एडिटिंग करतोय, आधी पुण्यात, मग मुंबईत, आता सांगलीतच घरी एक खोली केलीय कामाला. तुझी लिंक दोनदा बघितली, दुसऱ्यांदा आवाज बंद करून.

तर पहिलं उत्तर, नाही, नरेशन म्हणजे व्हॉइसओव्हर नाही. व्हॉइसओव्हर हे त्यातलं एक हत्यार, जसं पाना हे गॅरेजमधलं एक हत्यार. नरेशन म्हणजे गोष्टीतली कुठली माहिती कुणाला, कधी आणि कुणाच्या बाजूनं द्यायची ह्याचा सगळा हिशोब. ज्या फिल्ममध्ये एक शब्द बोललेला नाही तिथं पण हा हिशोब कुणीतरी केलेला असतो, कारण कॅमेरा कुठं ठेवला, शॉट कुठं तोडला, काय दाखवायचं टाळलं, हे सगळं सांगणंच आहे. त्यामुळं सरांचं 'दाखवायचं, सांगायचं नाही' हे ऐकायला भारी वाटतं पण दाखवणारा पण सांगतच असतो रे, फक्त तोंड न उघडता.

पुस्तकी भाषेत घटना आणि मांडणी असे दोन भाग करतात. घटना म्हणजे काय काय घडलं ते पहिल्यापासून शेवटपर्यंत, आणि मांडणी म्हणजे ते पडद्यावर कुठल्या क्रमानं, किती कापून येतं ते. ह्या दोघांच्या मध्ये जो बसलेला असतो तो नरेशन. एवढी थिअरी बास, आता तुझ्या फिल्मवर येऊ, कारण तुझ्याकडं एक सोन्यासारखा सीन आहे आणि तू तो वाया घालवलायस.

सहाव्या मिनिटाचा सीन. आजोबा पेवाच्या तोंडावरची माती काढतात, फरशी सरकवतात आणि बाजूला बसून राहतात. मग दोरीला कंदील बांधून आत सोडतात. कंदील खाली जातो, ज्योत बारीक होते, विझते. आजोबा दोरी ओढून घेतात, परत बसतात, तंबाखू मळतात. बऱ्याच वेळानं परत कंदील, ह्यावेळी ज्योत राहते, मग ते उतरतात. दिसायला सुंदर झालाय, मी नाही म्हणत नाही. पण तुझे मित्र म्हणाले ते खरंय, हा माणूस कंदील का सोडतोय आणि मग नुसता बसून का राहतो, हे हरिपूरच्या बाहेरच्याला कळायचं काही कारण नाही. ज्याला माहिती आहे की बंद पेवात हवा कोंडलेली असते, ऑक्सिजन नसतो, लगेच उतरलं तर माणूस तिथंच आडवा होतो, त्याच्यासाठी तो सीन श्वास रोखून बघायचा आहे. बाकीच्यांसाठी एक म्हातारा कंदिलाशी खेळतोय. शॉट तेच, कट तेच, फक्त बघणाऱ्याला एक गोष्ट माहिती आहे की नाही एवढाच फरक.

आता ती एक गोष्ट तू तीन जागी ठेवू शकतोस आणि तीन वेगळ्या फिल्म होतात. एक, सीन संपल्यावर सांगितली, तर लोक म्हणतील अच्छा म्हणून होय, आणि पुढं जातील, म्हणजे कोड्याचं उत्तर मिळालं, बाकी काही नाही. दोन, सीनच्या आधी सांगितली तर कंदील खाली जाताना प्रत्येक फुटाला पोटात गोळा, आणि विझल्यावर आजोबा नुसते तंबाखू मळत बसलेत ते बसणं पण भारी वाटायला लागतं, कारण आता आपल्याला कळतंय की हा माणूस घाई न करणारा आहे म्हणूनच जिवंत आहे. तीन, आपल्याला माहिती आहे आणि आजोबांना माहिती आहे पण नातवाला नाही, आणि आजोबा पाणी प्यायला विहिरीकडं गेलेत आणि नातू पेवाच्या तोंडावर पाय सोडून बसलाय. बघ, नुसतं लिहिताना माझं काहीतरी झालं. थरारपटवाल्या हिचकॉकचं टेबलाखालच्या बॉम्बचं उदाहरण सगळे देतात, बघणाऱ्याला बॉम्ब माहिती असतो आणि टेबलाशी बसलेल्यांना नसतो, पण आपल्याकडं पेव असताना बॉम्ब कशाला पाहिजे.

मी दुसरं घेईन. तिसरं पण मोहाचं आहे, पण त्यानं फिल्म 'नातू वाचतो का' ह्याची होते आणि तुझी फिल्म आजोबांची आहे.

मग ती माहिती सांगायची कशी? इथं तुझ्या डोक्यात लगेच व्हॉइसओव्हर आला असणार. थांब जरा. तुझ्याकडं तिसऱ्या मिनिटाला चहाचा सीन आहे, आजोबा बशीत चहा ओततायत आणि नातू विचारतो आज मी येऊ का. आजोबा तिथं नुसतं 'बघू' म्हणतात. तिथंच त्यांच्या तोंडात एक वाक्य घाल, 'दिवा जगला तर आपण उतरायचं.' बास. ऑक्सिजन बिक्सिजन काही नको. ते वाक्य त्या क्षणी अर्धवटच कळतं, आणि तीन मिनिटांनी कंदील खाली जायला लागला की पूर्ण कळतं. बघणाऱ्यानं स्वतः जोडलं की ते त्याचं होतं.

आणि कंदिलाचा शॉट तू चार सेकंदांवर तोडलायस. माहिती नव्हती तोवर चार पण जास्त होते, आता माहिती दिलीस की नऊ-दहा सेकंद सहज जातील, मी करून बघितलं. लांबी शॉटमध्ये नसते, बघणाऱ्याला काय माहिती आहे त्याच्यात असते. हे नव्या पोरांना सांगून सांगून तोंड दुखतं, सगळे फास्ट कटिंगच्या मागं.

कॅमेऱ्याचं पण एक. पेवाच्या तोंडावरनं खाली बघितलंस तर आपण नातवाबरोबर आहोत, आपला माणूस अंधारात गेलाय. आतनं वर बघितलंस, वर आभाळाची ताटली, तर आपण आजोबांबरोबर आहोत. तू दोन्ही आलटून पालटून लावलंयस कारण दोन्ही शॉट चांगले आलेत. मला मान्य आहे, चांगला शॉट टाकून देताना जीव तुटतो, पण सीन कुणाचा हे ठरलं नाही की बघणारा ना वर ना खाली, मध्येच लोंबकळतो. ठरव. साउंडचं पण तेच, आत असलास तर बाहेरचे आवाज दबलेले पाहिजेत, तुझ्याकडं आतनं पण कावळा तेवढाच खणखणीत ऐकू येतोय.

आता व्हॉइसओव्हर. आणि इथं मला जरा सांगलीकराची खाज भागवू दे. सरांना सांग की ज्या गावात तुम्ही बसलाय तिथं नाटक सुरू झालं तेच मुळी नरेशननं. १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी सांगलीत 'सीता स्वयंवर' केलं, दर ५ नोव्हेंबरला आपण त्यासाठीच रंगभूमी दिन करतो. त्या नाटकात सूत्रधार रंगमंचावर शेवटपर्यंत असायचा. कथेची पदं तो गायचा, आणि पात्रं तो प्रसंग करून दाखवायची, संवाद ज्याचे त्यानं ऐनवेळी बोलायचे. राक्षस 'अलल्लडुर्र' करत यायचे म्हणून पुढं लोकांनी त्या नाटकांना तेच नाव पाडून चेष्टा केली. पण रचना बघ ना, एकजण सांगतोय आणि बाकीचे दाखवतायत, दोन्ही एकाच वेळी, आणि त्यावर अख्खी रात्र निघायची. पुढं पात्रं लिहिलेलं बोलायला लागली आणि सूत्रधार मागं पडला.

सिनेमात पण तसंच झालं. १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये पाट्या होत्या, हिंदी आणि इंग्रजी, म्हणजे सांगणारा पडद्यावर अक्षरं होऊन यायचा. जपानमध्ये तर मूकपटाच्या वेळी पडद्याशेजारी बेन्शी नावाचा माणूस उभा राहून कथा सांगायचा आणि लोक नटापेक्षा त्याचं नाव बघून तिकीट काढायचे. मग बोलपट आला आणि ह्या सांगणाऱ्याची गरज संपली असं वाटलं, पण तो गेला नाही, साउंडट्रॅकमध्ये जाऊन बसला.

त्यामुळं व्हॉइसओव्हर आळशी असतो हे मला पटत नाही. आळशी व्हॉइसओव्हर असतो. आणि तो कसा ओळखायचा ह्यासाठी माझी एक कसोटी आहे, ती मला कुठल्या फिल्म स्कूलमध्ये नाही, कुस्तीच्या मैदानात मिळाली.

आपल्या भागात जत्रेच्या कुस्त्या बघितल्या असशीलच. हलगी वाजत असते आणि माइकवर निवेदक असतो. चांगला निवेदक काय बोलतो ते नीट ऐक एकदा. तो 'आता ह्यानं पट काढला, आता त्यानं ढाक लावली' असं फार बोलत नाही, ते समोर हजारो डोळे बघतायतच. तो सांगतो हा पोरगा कुठल्या तालमीचा, वस्ताद कोण, ह्याचा बाप ह्याच मैदानात कुणाकडनं चितपट झालता आणि आज त्याच माणसाचा पठ्ठ्या समोर आहे. झालं, दोन अनोळखी पोरं मातीत लोळत होती त्याची गोष्ट झाली. आणि खरी झटापट सुरू झाली की हा गडी गप्प बसतो, हलगी बोलते. नवशिका निवेदक मात्र सगळं बोलतो, दिसतंय तेच बोलतो, मध्येच देणगीदारांची नावं घेतो, आणि नेमका डाव पडतो तेव्हा त्याचं सरपंचांचं स्वागत चालू असतं.

आता तू पाठवलेला व्हॉइसओव्हरचा मसुदा वाच. 'हे आहेत माझे आजोबा. ते रोज पहाटे उठतात.' दिसतंय रे. 'हरिपूर हे कृष्णा आणि वारणेच्या संगमावरचं गाव आहे. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये जीआय मानांकन मिळालं.' माहिती खरी आहे पण हे सरपंचांचं स्वागत झालं, ह्याचा आजोबांशी काय संबंध, ते तर त्याच्या आधीपासूनच घरी बसलेत. आणि 'आजोबांच्या डोळ्यांत दुःख होतं' हे तर वाचूनच मी चहा ठेवायला गेलो. त्यांच्या डोळ्यांत काय आहे ते त्यांचे डोळे सांगतायत, चांगला क्लोजअप आहे तो, त्याच्यावर तू भाषण कशाला करतोस. अख्ख्या दोन पानांत एकच वाक्य आहे जे चित्रात नाही, 'आजोबांच्या अंगाचा हळदीचा वास मला लग्नघरात गेलो की येतो.' हे ठेव. वास कॅमेऱ्यात येत नाही, आणि शिवाय हे कुणीतरी पुढच्या काळातनं बोलतंय.

हा दुसरा मुद्दा, आणि खरं तर सगळ्यात मोठा. व्हॉइसओव्हर कोण बोलतंय हे सगळे ठरवतात, कधीचा बोलतोय हे कुणी ठरवत नाही. फिल्ममधला नातू दहा वर्षांचा आहे. आवाज तू तुझा वापरणार, म्हणजे तेवीस-चोवीसचा. मग मधली वर्षं गेली, आजोबा आहेत का गेले, पेव आहे का बुजवलं, हे सगळं त्या आवाजाला माहिती आहे. तो नुसता 'आजोबा म्हणायचे' असं बोलला तरी त्या 'म्हणायचे'मध्ये आजोबा आता नाहीत हे ऐकू येतं. क्रियापदाच्या एका रूपात एवढं काम होतं. उलट तू मसुद्यात 'उठतात', 'जातात' असं चालू काळात लिहिलंयस, म्हणजे हा माणूस तिथंच उभा राहून धावतं वर्णन करतोय. १९५० चा 'सनसेट बुलेव्हार्ड' बघ, तिथं गोष्ट सांगणारा पहिल्याच सीनमध्ये स्विमिंग पूलमध्ये मरून पडलाय आणि तोच सांगतोय मी इथं कसा आलो. त्यामुळं पुढं तो जिवंत असताना जे जे करतो त्याला एक वेगळाच रंग चढतो, सगळं उशीर झाल्यानंतरचं.

कीर्तनकाराचं बघितलंयस का? उत्तररंगात, म्हणजे कीर्तनाच्या दुसऱ्या भागात, आख्यान लावलं की तो घडीला बाहेरचा असतो, घडीला आतला. 'राजा म्हणाला' म्हणता म्हणता तोच राजा होतो, मग परत बाहेर येऊन समोरच्या आजीला म्हणतो, असं असतंय बघा मावशी. कपडे तेच, आवाजात थोडा फरक. व्हॉइसओव्हरला ही ये-जा जमली पाहिजे. १९६९ च्या 'भुवन शोम'मध्ये अमिताभ बच्चनचा नुसता आवाज आहे, पडद्यावर तो नाही, आणि तो आवाज त्या अधिकाऱ्याची ओळख करून देताना थोडी टिंगल पण करतो. म्हणजे सांगणाऱ्याला स्वतःचं मत आहे. तुझ्या मसुद्यातल्या आवाजाला मतच नाही, तो सरकारी माहितीपटातला आवाज आहे.

आणि आता माझी फजिती ऐक, म्हणजे मी काही वरनं पडलेला नाही हे कळेल. पंधराएक वर्षांपूर्वी एका संस्थेसाठी अर्ध्या तासाची डॉक्युमेंटरी केली होती, संस्थेचं नाव राहू दे. सुरुवातीपासून शेवटपर्यंत निवेदन, एक श्वास घ्यायला जागा नाही, मुंबईच्या चांगल्या आवाजाकडनं करून घेतलेलं, त्याचं बिल पण जबरी. तेव्हा टेपवर एका चॅनलला निवेदन आणि दुसऱ्याला बाकीचे आवाज ठेवायची पद्धत होती. वाळवा तालुक्यात एका गावात पडदा लावून दाखवली, आणि साउंडवाल्यानं एकच वायर लावली. निवेदनाची नाही, दुसरी. मी मागं घाम पुसत उभा, धावत जाऊन सांगेपर्यंत दहा मिनिटं गेली, आणि बघतो तर लोक आरामात बघतायत, बैलांच्या घुंगरांना, मोटेच्या जुन्या फोटोंना दाद देतायत, एक म्हातारा तर शेजाऱ्याला स्वतःच निवेदन करून सांगत होता. वायर लावल्यावर निवेदन सुरू झालं आणि कुजबुज थांबली. मला वाटलं, चला, लोक ऐकायला लागले. घरी जाताना कळलं की कुजबुज म्हणजेच लोक फिल्ममध्ये होते, निवेदन आलं आणि ते बाहेर पडले. दुसऱ्या दिवशी परत एडिटला बसलो आणि तेहतीस परिच्छेदांतले अकरा ठेवले.

तेव्हापासून मी एक करतो, तू पण कर. व्हॉइसओव्हर आधी स्वतःच्याच आवाजात मोबाइलवर रेकॉर्ड करून टाइमलाइनवर टाक, भारी माइक नको. मग एकेक वाक्य म्यूट करून सीन बघ. वाक्य गेल्यावर काही बिघडलं नाही तर ते गेलंच. आणि गेल्यावर सीन सुधारला तर स्वतःच्या डोक्यात एक टपली मार. १९८२ चा 'ब्लेड रनर' आहे, त्यात तेव्हा हिरोच्या आवाजातला व्हॉइसओव्हर होता, १९९२ च्या आवृत्तीत तो काढून टाकला. दोन्ही मिळतात, शेजारी शेजारी लावून बघ, तोच सीन एकदा समजावलेला आणि एकदा तसाच सोडलेला. आमच्यात ह्यावरनं अजून भांडणं होतात, मी काढलेल्याच्या बाजूचा.

आता तुझ्या शेवटाबद्दल, हे तू विचारलं नाहीस पण मला खुपलंय. बाराव्या मिनिटाला कळतं की नातवाचा बाप ह्याच पेवात दगावला होता. म्हणून आजोबा एवढा वेळ बसून राहतात. हे तू शेवटपर्यंत लपवलंस, ट्विस्ट म्हणून. लपवणं गैर नाही, सगळे सिनेमे लपवतात. पण लपवणं वेगळं आणि फसवणं वेगळं. तुझी फिल्म जोवर नातवाच्या बाजूनं चालते तोवर लपवणं रास्त आहे, त्याला माहिती नाही म्हणून आपल्याला नाही. पण चौथ्या मिनिटाला एक शॉट आहे, नातू झोपलाय, आजोबा एकटेच भिंतीकडं बघतायत, आणि तू फ्रेम अशी लावलीयस की भिंतीवरचा हार घातलेला फोटो बरोबर बाहेर राहतो. इथं तू आजोबांबरोबर एकटा गेलास, त्यांना दिसतंय ते दाखवायची वेळ आली आणि कॅमेऱ्यानं मान फिरवली. बघणाऱ्याला नंतर हे आठवतं, आणि तो म्हणतो च्यायला आम्हाला गंडवलं. हिचकॉकनं १९५० मध्ये 'स्टेज फ्राइट'च्या सुरुवातीला एक फ्लॅशबॅक घातला होता जो शेवटी खोटा निघतो, आणि ते चुकलंच असं तो पुढं स्वतः म्हणाला. त्याच वर्षी जपानी दिग्दर्शक कुरोसावाच्या 'राशोमोन'नं चार जणांचे चार वेगळे जबाब दाखवले तरी कुणी गंडवलं म्हणालं नाही, कारण तिथं प्रत्येक वेळी कोण सांगतंय हे समोर आहे.

तुझ्यासाठी उपाय सोपा आहे. एकतर तो शॉट काढ. नाहीतर, आणि मी हेच करीन, फोटो दाखव. चौथ्या मिनिटालाच. एक तरणा माणूस, हार घातलेला, कोण ते सांगू नको. नंतर दोन मिनिटं तो फोटो बघणाऱ्याच्या डोक्यात नुसता पडून राहील, मग कंदील विझेल, आजोबा तंबाखू मळत बसतील आणि काहींना तिथंच कळेल. ज्यांना नाही त्यांना बाराव्या मिनिटाला. पण ट्विस्ट जाईल की, म्हणशील. जाऊ दे. ट्विस्ट एकदाच चालतो, हे दुसऱ्यांदा बघताना पण चालेल.

तर हिशोब असा, चहाच्या सीनमध्ये एक वाक्य, चौथ्या मिनिटाला फोटो, कंदिलाचा शॉट लांब, आणि व्हॉइसओव्हर पाहिजेच असेल तर तीन-चार वाक्यं, मोठ्या झालेल्या नातवाची, भूतकाळातली. हळदीच्या वासाचं वाक्य मी अगदी शेवटी टाकीन, पेवाचं तोंड बंद झाल्यावर, काळ्या पडद्यावर. सुरुवातीला एक पण नको, नाहीतर लोक पहिल्या मिनिटापासून कुणीतरी समजावून सांगायची वाट बघत बसतात. वाचताना मिनिटाला शंभरेक शब्दांच्या वर जाऊ नको, आणि पत्र वाचल्यासारखं वाचू नको, मागं कुणाला तरी बसवून त्याला सांग.

चहाच्या सीनचं वाक्य घ्यायला आजोबांकडं परत जाशील तेव्हा त्यांना लिहून देऊ नको, पेवात उतरायच्या आधी काय बघता एवढंच विचार आणि कॅमेरा चालू ठेव, माझ्या वाक्यापेक्षा चांगलं काहीतरी बोलतील. आणि तेवढा पंखा बंद कर, आत्ताच्या ट्रॅकमध्ये घरघर आहे ती मला काढता आली नाही.